रजेवरचा चाकरमानी

डिसेंबर १९८३, शाळेचं गॅदरिंग. हजर: वर्गमित्र दिलीप, मी आणि तिसऱ्या रांगेत बाबा. आज भाच्याला मिशी चिकटवताना डिंकाचा वास आला आणि ते आठवलं.

नाटक आम्हीच रचलेलं, विनोदी. दिलीप मुंबईहून गावी आलेला चाकरमानी, मी त्याची बायको. मी विचारलं, "अहो, परत कधी जायचं?" तालमीत नसलेलं उत्तर आलं. थेट बाबांसारखा घसा खाकरून तो म्हणाला, "रजा वाढवून घेतलीय!" बाबांची मुंबईतली गिरणी बंद पडल्याचं साऱ्या आळीला ठाऊक होतं, तरी बाबा विचारणाऱ्याला हेच सांगायचे. हॉल खदखदला. बाबांनीही टाळ्या वाजवल्या.

वाटेत म्हणाले, "पोरगा झ्याक करतो हो." त्यानंतर ते बाजारात गेले नाहीत.

दिलीप अजूनही भेटला की तेच वाक्य ऐकवतो. 'पुरे' म्हणायचं राहिलंय.