कागदाला उलटी बाजू नसते

माझ्या वहिनीइतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही. मी तिची नणंद, म्हणजे माझ्या बोलण्यातलं निम्मं तुम्ही वजा करणारच. करा खुशाल. पण दाराची बेल वाजली तरी दचकणारी ही बाई एक दिवस जेवताना म्हणाली, "मी नोकरी सोडतेय. घरीच स्वतःचं शिवणकाम सुरू करते," तेव्हा माझा घास हातातच राहिला. दादा "बरं" म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणतो.

वहिनी लग्नाआधीपासून एका टेलरिंगच्या दुकानात होती. काजं करायची, बटणं लावायची, हातशिलाई करायची. कापड कापणं मात्र मास्तरांचं काम. नवी होती तेव्हा एकदा तिनं कात्री उचलली, तर मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "ठेव खाली. हात बघ कसा कापतोय तुझा." तेव्हापासून कात्री घेतली की तिचा हात खरंच कापायला लागला. मेल्याचा मला अजून राग येतो.

यावर तिनं एक उपाय काढला होता. रोज सकाळी, घरात कुणाचा चहा व्हायच्या आत, ती जुन्या वर्तमानपत्रातून एक कपडा कापायची. कधी फ्रॉक, कधी शर्ट, कधी कोट. कालच्यापेक्षा आज एक तरी गोष्ट वेगळी हवी, हा तिचा नियम. कॉलर तिरकी कर, खिसा गोल कर, काहीतरी. मग टाचण्यांनी जोडून खिडकीच्या कडीला अडकवायची. दादाला कालची बातमी पुन्हा वाचायची असली तर ती कुठल्या तरी कागदी शर्टाच्या पाठीवर सापडायची. आम्ही खूप हसायचो. पण कागदावर तिचा हात थरथरत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"कागदाला काय भ्यायचं, मिरचे?" ती म्हणायची. मिरची म्हणजे मी.

तिनं नोकरी सोडली तेव्हा मास्तर हसले. "महिनाभर तुझी जागा रिकामी ठेवतो. येशीलच."

बाहेरच्या खोलीत मशीन मांडलं, टेबल लावलं, आणि पहिलं काम आलं ते वरच्या मजल्यावरच्या काकूंचं. काकू एकट्याच राहतात, काका वारल्याला बरेच दिवस झाले. हातात घडी घातलेला पुरुषी कोट होता, चांगल्या जाड लोकरीचा, पण विटून राखाडी पडलेला.

"ह्यांचा आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या मापाचा करून दे. कपाटात नुसता लटकलेला बघवत नाही मला. अंगावर तरी राहील."

वहिनी "हो" म्हणाली. काकू जिना चढून गेल्या आणि वहिनी मटकन खाली बसली.

"अगं, हे कापड बाजारात मिळणार नाही. चुकलं तर मी कुठून आणू?"

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. तिनं कोट उसवला, अस्तर काढलं, इस्त्री केली, आणि तिथंच अडली. खडूनं रेघ मारायची, पुसायची. मग भीतीनं आधीच्या रेघेच्या बाहेरून दुसरी मारायची, थोडं जास्त राहू दे म्हणून. जिन्यात पाऊल वाजलं की तोंडचं पाणी पळायचं. काकू दारात थबकून विचारायच्या, "झाला का गं?" आणि ही म्हणायची, "होतच आलाय." खोटं बोलल्यावर तांब्याभर पाणी प्यायची. जेवण सुटलं. सुटे तुकडे चादरीखाली झाकून ठेवायची. मी चादर उचलली तर म्हणाली, "नको गं, ते माझ्याकडे बघतात."

शेवटी माझं डोकं फिरलं. मी चादर ओढली, कात्री उचलली आणि म्हटलं, "तू नाही ना कापत? मग मी कापते!" मला साधं बटण लावता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

"दूर हो!" एवढ्या जोरात ओरडताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. कात्री हिसकावली, आणि त्याच झटक्यात कापायला बसली. पाठ कापली. पुढचे भाग कापले. हात थरथरत होता, तरी कात्री रेघ सोडत नव्हती. शेवटी बाह्या. तुम्ही म्हणाल, मी असं करायला नको होतं. मला नाही तसं वाटत.

सगळं कापून तिनं बाह्या अंगाच्या भागाला लावून पाहिल्या आणि कात्री बाजूला ठेवली.

"दोन्ही डाव्याच."

"म्हणजे?"

"दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या मी."

तिनं बाही वर धरून दाखवली. खांद्याशी जोडतात तो बाहीचा गोल पुढून खोल असतो, मागून उथळ. एक बाही कापली की दुसरीसाठी मापाचा कागदी नमुना उलटा ठेवायचा असतो. हिनं दोन्ही वेळा तसाच ठेवला, कारण वर्षभर कागदावर तसंच केलेलं. कागदाची बाही उलटून लावली की झाली उजवी. कागदाच्या दोन्ही बाजू सारख्याच. कापडाच्या नसतात. जी सवय तिनं धीर यावा म्हणून लावून घेतली होती, तिनंच घात केला. आणि दुसरी बाही निघेल एवढं कापड उरलं नव्हतं.

"मास्तरांना फोन लाव," ती म्हणाली. "सांग, उद्यापासून येते."

"तूच लाव. माझं तोंड कशाला विटाळू?"

ती बाही मांडीवर घेऊन बसली. मग ती बाही तिनं उलटी केली. उसवताना तिनं पाहिलं असेल, मी तेव्हाच पाहिलं: आतून कोट विटलाच नव्हता. इतकी वर्षं अस्तराखाली झाकलेली ती बाजू गर्द निळी होती. उलटी लावली की बाही उजवी होत होती, पण बाकी कोट राखाडी आणि एक हात निळा.

"वेडं दिसेल," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही.

कॉलर आणि खिशांच्या पट्ट्याही तिनं उलट्या केल्या, निळी बाजू वर घेतली. बाही एकटी पडू नये म्हणून, असं म्हणाली. मशीन चालू होतं आणि तिच्या नाकावरून घाम टपकत होता.

काकू आल्या तेव्हा मी आत पळायच्या बेतात होते. वहिनीनं माझं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार.

"काकू, माझ्याकडून चूक झाली," ती म्हणाली. "दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. म्हणून ही उलटी लावलीय. कापड परत आणता येणार नाही. तुम्ही काय म्हणाल ते म्हणा."

काकूंनी कोट अंगात घातला. आरशासमोर उभ्या राहिल्या. वहिनीची नखं माझ्या मनगटात रुतली. काकू डाव्या हातानं ती निळी बाही चोळत होत्या, वर-खाली, वर-खाली.

"मला हे पहिल्यांदा भेटले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा हाच रंग होता. मी विसरूनच गेले होते गं."

कोट न काढताच त्या जिना चढून गेल्या.

मला वाटलं वहिनी आता हसेल. ती मोरीत धावली आणि भडाभडा ओकली. मी पाठ चोळत राहिले.

तिची भीती गेली का, म्हणाल तर नाही. अजून बेल वाजली की दचकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांकडे गेली नाही. आमचा चहा व्हायच्या आत टेबलापाशी बसली, कालचं वर्तमानपत्र पसरलं, आणि कात्री लावण्याआधी त्याच्या एका बाजूवर खडूनं मोठी फुली मारली.