कुंपणाच्या आत दिवा नाही

विलायती कंपनीत नोकरी केली की पैसा साठतो, असं लोक म्हणतात. माझ्याकडे किस्से साठले! ते सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि एकट्याला सांगता येत नाहीत, म्हणून तुम्हाला धरून बसवलंय. कंपनीची नोकरी चांगली की वाईट, ते तुमचं तुम्ही ठरवा.

*

मी रत्नागिरीला बंदराजवळच्या रॉकेलच्या डेपोत क्लार्क होतो. लग्नात सासरे लांज्याच्या अख्ख्या मांडवाला सांगत होते, "जावयाचं ऑफिस लंडनला आहे!"

कोणीतरी विचारलं, "मग जावई रत्नागिरीत काय करतात?"

सासरे अडले नाहीत. "लंडनला जागा पुरत नाही, म्हणून यांना इकडे बसवलंय!"

*

डेपोला तारेचं कुंपण होतं. आत विडी नाही, काडेपेटी नाही, दिवासुद्धा नाही. माझी राहायची खोलीही कुंपणाच्या आतच. फाटकावर सखाराम पहारेकरी. पलटणीतून आलेला माणूस, येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासायचा.

एकदा मुंबईहून मोठा साहेब आला. सखारामने त्याच्या तोंडातला पाइप काढून घेतला! साहेब लालबुंद. सखाराम म्हणाला, "सायब, नियम तुमचाच हाय. मी निस्ता पाळतोय."

साहेबाने त्याला तिथल्या तिथे बढती दिली. असं दुसरीकडे कुठे होतं, सांगा बघू!

पण सगळ्या जिल्ह्याचे कंदील आमच्या रॉकेलवर पेटायचे आणि दिवस मावळला की मी आणि सखाराम चाचपडत बसायचो. बाजारात लोक हसायचे, "काय क्लार्कसाहेब, कंपनीचं रॉकेल संपलं वाटतं?" मीही हसायचो. खोलीवर परतल्यावर मात्र हसायला येत नसे.

*

कंपनीचं सामान जगभरच्या डेपोंना सारखंच जायचं. एका वर्षी पेटीतून बर्फ उपसायचं फावडं आलं. रत्नागिरीत! मी परत पाठवायची परवानगी मागितली.

साहेबाने विचारलं, "यंदा बर्फ पडला नाही?"

"नाही, साहेब."

"मग पुढच्या वर्षासाठी ठेवा."

त्या फावड्यावर सखाराम सुकट वाळत घालायचा.

*

मला हिवताप आला तेव्हा कंपनीने मुंबईहून खास डॉक्टर पाठवला, बोटीने. लांज्यात कोणाच्या नशिबी असा डॉक्टर होता? त्याने नाडी पाहिली, क्विनीन दिलं आणि विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"बायको आहे, लहान मुलगी आहे. लांज्याला."

"आणि इथे?"

मी काही बोलायच्या आत दारातून सखाराम म्हणाला, "मी हाय की!"

डॉक्टर त्याच बोटीने परत गेला. पेज सखारामनेच पाजली. चूल कुंपणाबाहेर, नारळीच्या झापाखाली होती, त्यामुळे पेज माझ्यापर्यंत येईतो गार व्हायची.

*

बायकोची एकच अट होती. "जेवण बाहेर रांधीन. पण जिथे देवापुढे सांजवात लागत नाही, तिथे मी संसार मांडणार नाही."

तिचं काय चुकलं? मी साहेबाला विनवलं, संध्याकाळी एकच दिवा, अगदी छोटा. साहेब चांगला होता. त्याने मुंबईला विचारलं, मुंबईने लंडनला विचारलं. कितीतरी महिन्यांनी लंडनचा हुकूम आला: देव कुंपणाबाहेर हलवावेत!

सखारामला तो वाचून दाखवला. तो म्हणाला, "आन देव तितं एकटं काय करतील?"

*

मग दोन गणपती मला रजा मिळाली नाही. डेपोच्या किल्ल्या सोपवायला माणूसच नव्हता. शेवटी बायकोच मुलीला घेऊन लांज्याच्या मोटारीने आली. राहायला नव्हे, एका रात्रीपुरती. मी जिवंत आहे ना, ते बघायला. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने परत जायचं ठरवूनच आली होती.

त्या दिवशी धक्क्यावर रॉकेलचे डबे उतरत होते. मी खोलीवर पोचेपर्यंत अंधार पडला होता. सखारामने बायकोची काडेपेटी फाटकावर ठेवून घेतली होती आणि हात जोडून तिची माफीही मागितली होती. बायकोने कोनाड्यात देव मांडले होते आणि ती नुसतीच बसली होती.

सुमी म्हणाली, "आई, दिवा लाव ना. शुभं करोति म्हणायचंय."

दिवा कुठून लावणार? कंपनीने फक्त पहाऱ्यापुरती दिलेली, ज्योत नसलेली बॅटरी माझ्या हातात होती. ती मी सुमीला दिली. तिने बॅटरी पेटवून देवांपुढे उभी केली, हात जोडले आणि डोळे मिटून सगळं शुभं करोति म्हटलं.

मग सुमीने बॅटरी उचलली आणि झोत थेट माझ्या तोंडावर धरला. बराच वेळ बघत राहिली.

"आई, हेच काय गो बाबा?"

"विझव गो ती, सुमे," बायको म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांना सवय नाही."

पुन्हा अंधार झाला. थोड्या वेळाने त्या अंधारातूनच बायकोचा आवाज आला, "उद्याच्या मोटारीत आमच्या जागा धरू नका."