कन्हेरीचं न लागलेलं दही

मंडळी, फार्मसीच्या आपल्या ईमेल ग्रुपवर आज अभ्यासाऐवजी दुधाबद्दल लिहितोय. बारामतीच्या सायबर कॅफेत बसलोय आणि डोकं अजून भणभणतंय.

दुपारी कन्हेरीला मावशीकडे गेलो, तर ती वैतागलेली. "इरजण बदललं, भांडं बदललं, तरी दही लागंना. नजर लागली बघ कुणाची तरी."

गोठ्यात बघितलं, तर गाईची कास सुजलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिक भरलं होतं आणि दूध डेअरीला घालू नका म्हणून बजावलं होतं. म्हणून मावशीनं ते घरातच ठेवलं, आणि तेच नातीला पाजत होती.

मी म्हणालो, "मावशे, औषध दुधात उतरलंय. दही लावणारे जंतूच त्यानं मरतात. पोरीला हे देऊ नकोस."

ती घाबरली. नातीच्या हातातला पेला तिनं काढून घेतला. मला बरं वाटलं.

मग तिनं सगळं दूध किटलीत ओतलं. "एवढं दूध वतून देऊ व्हय? डेअरीला घालते. टाकीत कुणाला कळतंय!"

मी भांडलो. "तुझं काय जातंय? गुरं आमी पाळायची," म्हणाली आणि किटली घेऊन निघाली.

इथं आल्यावर समोर चहा आला. तो अजून तसाच आहे.

तुमच्या घरी आज दही लागलं का?