गिऱ्हाइकाकडचा पडदा

रत्नागिरीत लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करून देणारी मी एकटी नव्हते, पण गिऱ्हाइकासमोर वेगळा मॉनिटर ठेवणारी मात्र मीच. आमच्याकडे पत्रिकेचा मजकूर तपासायला एक माणूस कधी येत नाही. अख्खी भावकी येते, माझ्या खांद्यावरून डोकावते आणि कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून माझ्या कानाशी भांडते. म्हणून दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी स्वतःसाठी मोठा चपटा मॉनिटर घेतला आणि जुना डबा टेबलापलीकडे, त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. मला दिसेल तेच त्यांना दिसावं, एवढंच माझं मागणं.

संगणकात लिनक्स घातलं होतं माझ्या धाकट्या दिरानं, मुंबईहून गणपतीला आला तेव्हा. फुकट आहे वहिनी, म्हणाला. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन पडदे चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम म्हणे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, आणि कुणालाही तो उघडून बघता येतो. म्हणजे बारभाईचा कारभार! डबा कधी काळा पडायचा, कधी थरथरायचा. मी केबल उपसून पुन्हा खोचायची आणि फोनवर दिराला झाडायची. शेवटी एकदाचं दोन्हीकडे चित्र आलं, पण मला काही बरं वाटलं नाही. इतकं सरळ चालतंय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्याच दिवशी राजापूरकडचे एक शेतकरी मुलीची पत्रिका घेऊन आले. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या नाक्यावर रिक्षा चालवायचा. कलमांच्या बागेच्या हद्दीवरचा दगडी गडगा कुणी सरकवला, यावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं तुटलेलं. थोरल्यांनी ‘आपले नम्र’खाली स्वतःच्या नावाच्या खाली भावाचं नाव घालायला सांगितलं आणि त्याला निरोप धाडला, ये आणि डोळ्यांनी बघ. पोरीला लहानपणी खांद्यावर त्यानंच मिरवलंय, काका मांडवात नसला तर ती बोहल्यावर रडेल, असं ते मला सांगत होते.

भाऊ आला. बसला नाही. डब्यासमोर उभा राहून त्यानं वाचलं. थोरले माझ्या बाजूला होते, आणि माझ्या पडद्यावर त्याचं नाव लख्ख होतं.

“बोलावून घेऊन अपमान करायचा होता, दादा?” एवढं बोलून तो निघून गेला.

थोरल्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कुणाकडून तरी सुपारी घेतलीय. मला वाटलं, यांचीच काहीतरी खेळी असणार. ते म्हणाले, उद्या सकाळी येतो, तोवर तो वळला नाही तर नाव काढूनच छापा.

ते गेल्यावर मी टेबलाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन उभी राहिले. डब्यावर पत्रिका थोरल्यांच्या नावापाशी संपत होती.

दिराला फोन लावला. तो ड्रायव्हर दोन्ही पडद्यांना माझ्या मोठ्या पडद्याचं माप देत होता. लहान डब्यात फक्त वरचा भाग मावायचा. माउसचा बाण तळाला नेला तरच राहिलेलं वर सरकायचं, आणि माझा बाण वरच थांबलेला होता. दीर एकेक ओळ सांगत गेला, मी सेटिंगच्या फाइलीत प्रत्येक पडद्याचं माप घातलं, आणि पत्रिका दोन्हीकडे पूर्ण दिसली. जुनी फाइल मात्र ठेवून दिली. दिरावर तरी किती विश्वास टाकायचा?

सकाळी छापील नमुना घेऊन नाक्यावर गेले. रिक्षावाल्या भावानं कागद हातातसुद्धा घेतला नाही. हे रात्रीत घातलंत, काल नव्हतं, म्हणाला. मला राग आला, पण त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मग काय करणार? दुकानात परतले, जुनी फाइल जागेवर घातली, धडधाकट केलेलं पुन्हा बिघडवलं आणि त्याला हाताला धरून आणलं.

“काल हेच दिसलं होतं?”

“हेच.”

“मग लग्न कुठे आहे, ते दाखव बघू.”

तो पडद्याकडे बघत राहिला. लग्नाचं ठिकाण तर नावांच्याही खाली असतं. तेही काल त्याला दिसलं नव्हतं, आणि दिसलं नाही हेसुद्धा कळलं नव्हतं. स्वतःच्या नावाखेरीज त्यानं काही शोधलंच नव्हतं. मी माउस त्याच्या हाताखाली सरकवला. त्यानं बाण खाली नेला. पत्रिका हळूहळू वर सरकली आणि दादाच्या नावाखाली त्याचं नाव आलं, मग लग्नाचं ठिकाण. त्यानं बाण वर नेला, पुन्हा खाली आणला. परत परत तेच करत राहिला.

दारात थोरले येऊन उभे होते. नाव काढलंत का, त्यांनी मला विचारलं.

धाकट्यानं मान वळवली नाही. “माझं नाव राहू दे, दादा. पण गडगा तूच सरकवलास.”

थोरले आत आले आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

“बरं,” ते म्हणाले. “लग्न होऊ दे. मग दोघं मिळून हद्द मोजू.”