काळी पडलेली पत्रिका

माझा नवरा कुठलंही चित्र पार्श्वभूमीसकट सेव्ह करूच शकत नाही. सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये तो साड्यांची डिझाइनं करतो. तिथे कैरी असो की कमळ, मागे रंग ठेवायचा नाही असा दंडक. कापड जांभळं घ्यायचं की पिवळं, ते व्यापारी ठरवणार. या एका सवयीपायी आमच्या लग्नात काय होऊन बसलं होतं, ते मी त्याला अधूनमधून ऐकवते. बिचारा ऐकून घेतो. जातो कुठे?

पत्रिका मी वर्डमध्ये टाइप केली होती, गोडादऱ्याच्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे वडील घरातही ओरडूनच बोलतात, तेव्हा मजकूर सगळ्या गल्लीला पाठ झाला. फक्त निमंत्रकांमधलं पहिलं नाव सांगताना त्यांचा आवाज खाली आला. ते नाव गावाकडच्या मोठ्या बाबांचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचं. आजोबांच्या दहाव्याला वडील उशिरा पोचले, मोठे बाबा चारचौघांत नको ते बोलले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. हेकटपणात दोघं सारखेच. पण लेकीच्या लग्नात थोरला भाऊ मांडवात हवाच, याखेरीज वडिलांचा कसलाही हट्ट नव्हता. बँड कुठला, जेवणात काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी होणारा नवरा आला आणि माझ्या हातातला माउस काढून घेऊन डॉक्युमेंटमधून पत्रिकेचं चित्र काढायला बसला. एक्सपोर्टची चौकट उघडली. जेपीजी की पीएनजी, रिझोल्यूशन किती, मागे पांढरा की पारदर्शक.

"पांढरा ठेव," मी म्हटलं.

"बॅकग्राउंड कोण ठेवतं? एकदम बेसिक वात छे," तो मिलमधल्या गुजरातीत म्हणाला. "मोटिफ साफ आला पाहिजे."

ही साडी नाही, लग्नाची पत्रिका आहे, असं मी सांगेपर्यंत त्याने पारदर्शकवर टिक मारून फाइल वडिलांच्या फोनवर पाठवलीसुद्धा. त्यांच्या फोनचा पडदा पांढरा, त्यामुळे पत्रिका छान दिसली. आमच्यात पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसरी भाऊबंदांतल्या थोरल्याला देतात. वडिलांनी फोन देव्हाऱ्यात टेकवून उभा केला, काचेवरच्या गणपतीला कुंकू लावलं आणि त्याच लाल बोटाने पत्रिका मोठ्या बाबांना फॉरवर्ड केली.

फोन लगेच आला.

"हाई काय शे? काळी पत्रिका? मनं नाव कोठे शे?" एवढं आमच्या अहिराणीत बोलून मोठ्या बाबांनी फोन ठेवला.

आमच्या डिझायनरसाहेबांचा चेहरा पडला. 'काळी' या शब्दावरूनच काय झालं ते त्याला कळलं होतं. मोतीबिंदू काढल्यापासून मोठ्या बाबांच्या फोनचा पडदा डार्क मोडवर, म्हणजे काळा करून ठेवलेला, हे मागून कळलं. पत्रिकेला मागे रंगच नाही, म्हणून तो काळा आरपार दिसत होता, आणि काळ्यावर काळ्या अक्षरांतले सगळे निमंत्रक गडप. लाल अक्षरांतले आम्ही दोघं आणि वर गणपती तेवढे उरलो होतो. शुभकार्याला काळं, वर थोरल्याचं नाव नाही. मला इतका संताप आला की साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या कीबोर्डवर ठेवावीशी वाटली.

त्याने पांढऱ्या पार्श्वभूमीची नवी फाइल केली. "ही पाठवा, झालं."

वडिलांनी मान हलवली. "तो म्हनी, मी बोलनू मंग नाव टाकं."

बरोबरच होतं. नव्या पत्रिकेने नाव आधी मुद्दाम गाळल्याचा संशय पक्का झाला असता. मोठ्या बाबांकडे होती त्याच पत्रिकेत त्यांना त्यांचं नाव दिसायला हवं होतं.

वडिलांनी स्वतः फोन लावला, स्पीकरवर. हॅलो नाही, रामराम नाही. "दादा, फोन ठेवू नको. सेटिंगमा जाय."

मग जे चाललं, ते ऐकून हसावं की रडावं कळेना. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना कसा आहेस विचारलं नव्हतं, ते दोघं डार्क मोड शोधत होते. मोठ्या बाबांनी आधी अलार्म लावला, मग आवाज बंद केला. आमच्या बाजूने नवरा हळूच सांगायचा, ते वडील ओरडून सांगायचे, आणि पलीकडून शिव्या यायच्या. खरं सांगते, त्या शिव्यांनी वडिलांचा चेहरा उजळत चालला होता.

"धवळं व्हयनं," शेवटी पलीकडून आलं. पडदा पांढरा झाला तसे मोठे बाबा एकेक अक्षर लावत वाचू लागले. स्वतःच्या नावापाशी थांबले. पुढे वाचलं आणि पुन्हा थांबले.

"मना नावना खाले तुनं नाव शे."

"मंग? धाकला शे ना मी," वडील म्हणाले. पत्रिकेतलं ते नाव सांगतानाही ते इतकं हळू बोलले नव्हते. त्यानंतरही फोन कोणीच ठेवला नाही.