काचेवरची रेघ

अख्ख्या परभणी जिल्ह्यात आमच्या साडूभाऊंइतका संशयी माणूस झाला नाही आणि होणारही नाही. लग्नाच्या पंगतीत वाढलेलं वरण ते आधी मला चाखायला लावत आणि मी घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. देवगाव फाट्यावर एसटीची पाटी वाचून, कंडक्टरला विचारून, वर ड्रायव्हरलाही विचारत, "सेलूलाच जायलाय ना?" आणि गाडी हलली की माझ्या कानाशी लागत, "गुरुजी, दोघं मिळालेले हायेत!"

हे गृहस्थ कालव्याच्या ऑफिसात नकाशे काढत. नकाशाच्या बोर्डापाशी कुणी मागे उभं राहिलेलं त्यांना खपत नसे, आणि अलीकडे त्याला कारणही होतं. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. पेन पट्टीशी टेकवलं की शाई फाकायची. साहेबांना कळलं तर बोर्ड सुटणार आणि टपालावर तिकिटं चिकटवत बसावं लागणार, या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागेना. हे ठाऊक होतं फक्त मेहुणीला आणि मला.

अशात साहेबांनी त्यांना मुंबईच्या एका संस्थेत नकाशे काढणारा कॉम्प्युटर बघायला धाडलं. "मला हाकलायला मशीन आणायलेत!" म्हणत त्यांनी मलाही ओढत नेलं.

तिथं थंडगार खोलीत टीव्हीसारखी काच होती आणि वायरला बांधलेलं एक पेन. आत माणूस बसवलाय असा वहीम, म्हणून साडूभाऊ आधी मशीनच्या मागं डोकावून आले. पेन हाती येताच सवयीनं अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिलं. "शाईच न्हाई की वो!"

मशीनवरच्या बाई हसल्या. "शाई लागत नाही. इथं टेकवा, मग तिथं टेकवा."

हात लटलट कापत होता. बाईंनी पाहिलं असणार, पण त्यांनी नुसती बोटानं जागा दाखवली. दोन ठिपके उमटले आणि मधून रेघ निघाली, सुतासारखी सरळ. साडूभाऊंनी खिशातला टीपकागद काचेवर दाबून उलटा करून पाहिला. कोरा! "लय लबाडी हाय ही," म्हणाले, आणि पुन्हा पेन टेकवलं. पुन्हा तशीच सरळ रेघ. पुन्हा. काच रेघांनी भरली तरी गडी थांबेना.

परतीच्या वाटेवर मनमाडला आम्ही गाडी बदलली. मग साडूभाऊ हळूच म्हणाले, "गुरुजी, ही मशीन परभणीला कधी येईल वो?"

नोकरीची धास्ती जावी म्हणून मी ठणकावून सांगितलं, "आपल्या हयातीत? शक्यच नाही!"

त्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला आणि खिडकीबाहेर तोंड वळवलं. माझ्या शब्दाशब्दावर शंका घेणाऱ्या त्या माणसानं एवढं मात्र लगेच खरं मानलं. त्यांना ती मशीन हवी होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं आणि मला फार वाईट वाटलं.