घरातलं एकच नाक

चंदीगडमध्ये कॉफी कशाला म्हणतात ते इथल्या एखाद्या लग्नात गेल्याशिवाय कळत नाही. लॉनच्या कोपऱ्यात एक यंत्र फुसफुसत उभं असतं. त्यातल्या वाफेने दुधाला फेस आणतात, वर कोको भुरभुरतात आणि त्या पेयाला बिनदिक्कत एस्प्रेसो म्हणतात. कुणाच्या घरी गेलात तर यजमानीण कपात कॉफीची पूड, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन ते मिश्रण पांढरं होईपर्यंत फेटत बसते. एवढं फेटायचंच तर निदान अंडं फेटावं, आम्लेट तरी होईल.

मी नावं ठेवते, हे मला माहीत आहे. माहेरी साताऱ्याला म्हणायचे, हिच्या जिभेवर जन्मतःच लिंबू पिळलंय. लग्नानंतर सासूबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम पुरणपोळ्या केल्या, तेव्हा मी ‘बऱ्या झाल्यात’ म्हणाले होते. ते त्यांनी शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगितलं. पण मी करणार काय? ‘छान’ हा शब्द लोकांनी इतका वापरून ठेवलाय की तो उष्टा वाटतो. फोटो छान, पनीर छान, सून छान. मी ‘ठीक’ म्हणते, फार तर ‘बरं’ म्हणते, आणि ज्याला ते पुरत नाही त्याने दुसरीकडे जावं.

माझ्या नवऱ्याला मात्र ते पुरायचं. तो रसायनशास्त्रातला. मोहालीत नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत शिकवतो. आम्ही राहतो चंदीगडला, एका घराच्या वरच्या मजल्यावर. पन्नाशी आली की पुरुषांना काहीतरी होतं. कुणी सायकल घेतं, कुणी अध्यात्म घेतं. याने फ्रेंच प्रेस घेतला, म्हणजे दट्ट्या असलेलं काचेचं भांडं. मग हाताने फिरवायचा ग्राइंडर आला, ज्याला मी जातं म्हणते. मग वजनकाटा आला, मग थर्मामीटर. कॉफीच्या बिया कर्नाटकातून कुरिअरने यायला लागल्या. त्या ताज्या भाजलेल्याच हव्यात. दळायच्या तर करायच्या वेळी, आणि त्याही रव्यासारख्या जाडसर. पाणी उकळलं की जरा दम धरायचा, ओतल्यावर चार मिनिटं भांड्याला हात लावायचा नाही. मग वर आलेला थर चमच्याने मोडायचा आणि दट्ट्या हलक्या हाताने खाली न्यायचा. जोर लावला की गाळ कपात. एवढ्या सोहळ्यात मी चहा करून, पिऊन, कप विसळून पालथा घातलेला असतो.

कॉफी मात्र बरी व्हायची. हे मी त्याला सांगितलंही होतं.

मग गेल्या वर्षी त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, कदाचित नाहीही येणार. एवढं सांगायला माणसाला किती वर्षं शिकावं लागतं, याचं मला नवल वाटलं. नवरा प्रयोगशाळेच्या दारातूनच ओळखायचा, कुठल्या विद्यार्थ्याने कुठली बाटली उघडी टाकलीय. तो आता घरातलं दूध करपलं तरी शेजारी पेपर वाचत बसायचा. त्याने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही आणि मलाही सांगू दिली नाही. लोकांनी कीव केली की त्याला अन्न गोड लागत नाही.

मला वाटलं, आता कॉफी सुटली. पण तो रोज सकाळी बियांचं पाकीट उघडायचा, त्यात नाक घालून डोळे मिटून बसायचा आणि मग पाकीट बंद करायचा. ते मला बघवायचं नाही. मी उगाच गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे उलटेपालटे करायची.

एक दिवस त्याने कप माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, “तू सांग कशी झालीय. तू कुणाचं मन राखत नाहीस.”

तेव्हापासून मी त्याचं नाक झाले. कडू आणि आंबट त्याला जिभेवर कळायचं, पण बाकी सगळं माझ्याकडून. आज शिळी लागतेय, आज करपट आहे, आज नुसतं गरम पाणी आहे. मी तोंड वाकडं करून सांगायची आणि तो त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दळण बदलायचा, पाणी बदलायचा. माझ्या शिव्यांवर त्याची कॉफी चालली होती. त्यावर त्याचं आणखीही काही चालत होतं. आपल्याला अजून काहीतरी नीट करता येतं, एवढा त्याचा भरवसा त्या कपात होता. तो सुटला असता तर त्याने ते भांडं माळ्यावर टाकलं असतं आणि स्वतः गप्प बसला असता. गप्प बसलेला नवरा मला नको होता.

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्याकडे मराठी मंडळींचं जेवण होतं. इथे आलेल्या मराठी माणसांत अशी पाळी लावलेली असते. महाराष्ट्रात असते तर यांच्यातल्या एकालाही मी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, पण परगावी भाषेवर भागवावं लागतं. हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले एक पुणेकर अधिकारी आणि त्यांची बायको आली. आयटी पार्कमधला एक नागपूरकर मॅनेजर आला. हा राहतो मोहालीच्याही पलीकडे, खरड गावात, पण पत्ता विचारला तर ‘ट्रायसिटी’ म्हणतो, जसा काही चंदीगडातच राहतो. धुकं फिटून ऊन आलं होतं म्हणून सगळे गच्चीत बसले. जेवणाला वेळ होता, म्हणून नवऱ्याने कॉफी केली. साताऱ्याहून माझी ताई आली होती. ती आत मसालेभाताच्या तयारीत होती.

मॅनेजरने कप फिरवला, वास घेतला, डोळे मिटले. म्हणाला, “स्पाइसी नोट्स आहेत यार सर. पक्का सिंगल इस्टेट, एकाच मळ्यातला माल.” हा माणूस घरी फेटलेली कॉफी पितो, मी स्वतः पाहिलंय. अधिकारी म्हणाले, याला ओल्या जंगलाचा वास आहे, नीलगिरीत पोस्टिंग होतं तेव्हा ते अशीच प्यायले होते. त्यांचं नेहमी कुठेतरी पोस्टिंग असतंच. त्यांच्या बायकोने, जायफळ घातलंय का, असं विचारलं. सगळ्यांना कॉफी अप्रतिम वाटत होती. आणि नवरा कितीतरी महिन्यांनी खुर्चीत पुढे सरकून बोलत होता. यावेळी बिया दुसऱ्या मळ्यातून मागवल्या, त्याचाच हा फरक, असं काहीतरी समजावून सांगत होता.

मी घोट घेतला. दगडफूल! त्याच्यामागून लवंग, तमालपत्र, भाजलेलं खोबरं. मी कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ताईला विचारलं, मसाला कशात दळलास.

“त्या तुझ्या छोट्या जात्यात,” ताई म्हणाली. “मिक्सर दुरुस्तीला टाकलाय ना तू? भातापुरताच दळला. नंतर पुसून ठेवलंय की ओल्या फडक्याने.”

परत गच्चीत आले तर चर्चा अजून चालूच होती. मला हसू आलं नाही, चीड आली. ज्या गोड्या मसाल्याच्या आमटीवर ही माणसं लहानाची मोठी झाली, तो साक्षात कपात घालून दिला तर एकालाही ओळखता येऊ नये? त्यांची नाकं शाबूत होती. ती त्यांनी कधी वापरलीच नव्हती.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत तो कधी विचारत नाही, त्या दिवशी विचारलं. “कशी झालीय?”

त्याचा चेहरा उजळला होता. मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “छान. छान झालीय.”

अधिकारी म्हणाले की वहिनींनी पसंत केली म्हणजे मेडलच मिळालं. नवरा हसला, पण हातातला कप त्याने खाली ठेवला. मग काहीतरी आणायच्या निमित्ताने उठून आत गेला. मीही मागोमाग गेले. तो ग्राइंडर नाकाशी धरून उभा होता. मला पाहताच त्याने तो माझ्या नाकाशी धरला.

“काय आहे यात?”

“गोडा मसाला. ताईने दळला.”

“मग छान का म्हणालीस?”

“तुझा चेहरा बघून.”

“चेहरा माझा मला सांभाळता येतो,” तो म्हणाला. “वास तेवढा येत नाही. माझी कीव करायला ती माणसं आहेत. तू नको करूस.”

ताई कढईतलं परतणं थांबवून आमच्याकडे बघत होती. मी पुढे होऊन गॅस बारीक केला.

तो गच्चीत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “कॉफीत गोडा मसाला आहे. तापानंतर मला वास येत नाही, म्हणून मला कळलं नाही. तुम्हाला का नाही कळलं?”

मॅनेजरने कपात पाहिलं. अधिकारी म्हणाले, तरीच. त्यांच्या बायकोने वाकून माझ्या नवऱ्याला, कधीपासून, असं विचारलं आणि त्याने शांतपणे सांगितलं. कीव करायची होती ती त्यांनी करून घेतली. मग सगळे मसालेभात जेवले, दोनदोनदा वाढून घेतला आणि वासाचं कौतुक केलं. मी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखा कप माझ्यापुढे ठेवला. रात्रीतून त्याने ग्राइंडर सगळा सुटा करून घासला होता. या वेळी, कशी झालीय, असं त्याने विचारलं नाही. समोर खुर्ची ओढून बसला.

मी घोट घेतला.

“भिकार,” मी म्हणाले. “दगडफूल अजून येतंय. आणि पाणी घाईने ओतलंस.”

“पक्का?”

“पक्का.”

त्याने मान हलवली, ग्राइंडर पुढे ओढला आणि ब्रश घेऊन तो पुन्हा उघडायला बसला.